पिशव्या कोण सांभाळणार?

पत्र असं आहे :

ताई, नमस्कार. मी 46 वर्षांचा. सरकारी नोकरी, मानेवाड्याला घर. घरात बायको, मुलगी (13 वर्षं, आठवीत), मुलगा (9 वर्षं, चौथीत) आणि आई. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडे जातोय आणि तिथून एक दिवस खोपोलीच्या इमॅजिकाला. मुलीला तसा शब्द दिलाय. तिला तिथल्या नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसायचंय. रोज रात्री जेवण झालं की मोबाईलवर त्याचा व्हिडिओ लावते. गाडी वर चढताना जो कट-कट-कट आवाज येतो ना, तो ऐकूनच माझ्या तळहातांना घाम सुटतो. लहानपणी एका जत्रेत आकाशपाळण्यात अगदी वर असताना लाईन गेली होती. अर्धा तास अंधारात लटकून होतो. तेव्हापासून पाळणा दिसला की मी फुटाणे घ्यायच्या निमित्तानं बाजूला होतो. घरी कोणाला हे माहीत नाही.

मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसलात तरच मी बसीन." बाप म्हणून नाही कसं म्हणू? धाकट्यालाही बसायचंय, त्याची उंची चार फूट दोन इंच. आई म्हणते, "मी बी बसतो एकदा, पाहून घेतो कसं असते तं." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. बायकोला भीतीबिती काही नाही, तिला बसायचंही आहे, पण पिशव्या सांभाळायला आणि आईकडे बघायला कोणीतरी खाली पाहिजेच. तर घरच्यांसमोर हसं न होता मी ते दोन मिनिटं कसं निभवावं?

ता. क. मला दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. ती घेऊन बसलं तर चालतं का?

— एक घाबरट बाप, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मी उलटं वाचलं, म्हणजे ताजा कलमापासून. तुम्हीही तिथूनच सुरू करायला हवं होतं. तीन पानं भीतीवर, आणि बीपी कागदाच्या कडेला बारीक अक्षरात! रोलर कोस्टरच्या दारात जो मोठा फलक असतो, त्यावर गरोदर बाया, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, पाठीचं-मानेचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, फिट येणं अशी यादी असते. तो फलक शोभेला लावलेला नसतो. गाडी खाली सुटते तेव्हा नाडी दणकन वर जाते, रक्तदाबही वाढतो. ज्याचा रक्तदाब गोळीनं नीट ताब्यात आहे त्याचं वेगळं, आणि जो आठवड्यातून तीन दिवस गोळी विसरतो त्याचं वेगळं. तुम्ही यातले कोण, ते मला इथून दिसत नाही. तुमच्या डॉक्टरांना दिसेल. या आठवड्यात जा, बीपी मोजून घ्या आणि सरळ विचारा, "मी रोलर कोस्टरमध्ये बसू का?" ते हसतील, हसू द्या. जिना चढताना दम लागतो का, रामटेकच्या गडावर पायऱ्यांनी गेलात तर छातीत आवळल्यासारखं होतं का, तेही त्यांना सांगा. ते "नाही" म्हणाले तर विषय संपला. आणि हो, त्या दिवशी "थोडी जास्त घेऊन टाकू" म्हणून गोळीचा हिशेब स्वतः करायचा नाही.

मात्र डॉक्टर "बसा खुशाल" म्हणाले, तरी घरी येऊन "डॉक्टरांनी नाही म्हटलंय" असं सांगायचं नाही. हा मोह तुम्हाला होणार, मला आत्ताच दिसतंय. फुटाण्यांच्या जागी डॉक्टर, एवढाच फरक.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. खरं तर तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे. "बायकोला भीतीबिती काही नाही, तिला बसायचंही आहे, पण पिशव्या सांभाळायला…"

ही ओळ मी माझ्या यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग प्रश्न काय आहे त्याचा?" 

खरंच भाऊ, प्रश्न काय आहे तुमचा? घरात एक माणूस आहे ज्याला बसायचंय आणि ज्याला भीती वाटत नाही. त्याला तुम्ही पिशव्यांजवळ उभं करताय. आणि ज्याला बसायचं नाही, ज्याचे तळहात व्हिडिओ पाहूनच भिजतात, ज्याला बीपी आहे, तो वर जाणार. का, तर तो बाप आहे. मुलीच्या शेजारी आई बसली तर काय बिघडतं, ते तुमच्या तीन पानांत कुठंही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते सुचलेलंच नाही. तुमचाही त्यात फार दोष नाही म्हणा. आपल्याकडे सहलीला निघालं की पिशव्या कोणाच्या हे ठरलेलंच असतं. फुटाळा तलावावर पोरं कणीस खातात तेव्हा चपला आणि बाटल्या कोणाजवळ असतात, आठवून बघा. कोणी कोणाला सांगितलेलं नसतं.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. मी 31 वर्षं शाळेत शिकवलं. नव्वदीच्या दशकात आमच्या आठवीच्या मुलींची सहल मुंबईला निघायची. विदर्भ एक्सप्रेसनं चाळीस पोरी, तीन बाया आणि एक शिपाई. गेट वे, राणीचा बाग, आणि शेवटच्या दिवशी बोटीतून गोराईला, एस्सेल वर्ल्ड. 1989 साली सुरू झालेलं ते पार्क. आमच्या पोरींच्या तोंडी वर्षभर तेच असायचं. सलग तीन वर्षं मी तिथं बाकावर बसून चाळीस पाण्याच्या बाटल्या, डबे, रुमाल, आणि एकीची रडारड सांभाळली. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला म्हटलं नाही. आपण जबाबदार आहोत असं वाटायचं, बरंही वाटायचं. चौथ्या वर्षी एक पोरगी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी दोनदा बसले. आता तुम्ही जा, मी बघते पिशव्या." मी नऊवारी नव्हते नेसले एवढं नशीब. पदर खोचला आणि गेले. लहानसाच कोस्टर होता, आजच्या मानानं काहीच नाही. पण उतरले तेव्हा माझा आवाज बसला होता आणि पोरी टाळ्या वाजवत होत्या. त्या वर्षी इतिहासाच्या तासाला कोणी गडबड केली नाही.

(एस्सेल वर्ल्ड 2022 मध्ये बंद झालं. आपल्या अंबाझरीचं क्रेझी कॅसलही राहिलं नाही. दोन्ही बातम्या वाचून मी उगाच हळवी झाले होते.)

तेव्हा पहिलं काम हे, की आज रात्री जेवताना सौभाग्यवतींना विचारा, "तू बसतेस का गुड्डीबरोबर?" मुलीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी गुड्डी म्हणते. "तुला चालेल ना खाली थांबलेलं?" असं विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर बाया झोपेतसुद्धा "हो" असंच देतात.

दुसरं काम जरा अवघड. मुलीला खरं सांगायचं. ती 13 वर्षांची आहे. तुमचे भिजलेले तळहात तिला दिसले नसतील असं तुम्हाला वाटतं? पाळणा दिसला की बाबा दरवेळी फुटाणे आणायला जातात आणि आल्यावर फुटाणे कोणीच खात नाही, हे पोरांच्या लक्षात आलेलं असतं. आकाशपाळण्याची गोष्ट तिला सांगा. लाईन गेली, अंधार झाला, खाली भोंगा बंद पडला, तुम्ही किती वर्षांचे होतात, हाताला लोखंड कसं लागत होतं, सगळं. मजेत सांगा. पण सांगा घरी, चार-पाच दिवस आधी. तिथल्या रांगेत, पुढे फक्त दहा माणसं उरली असताना "बेटा, मला जरा…" असं सुरू केलंत तर तिचाही पाय मागे येईल, आणि मग दोघांची रडकी तोंडं घेऊन तुम्ही पुण्याला याल.

आणि एक शंका. "तुम्ही बसलात तरच मी बसीन" हे म्हणणाऱ्या पोरीला स्वतःलाच थोडी धास्ती वाटत असावी. रोज रात्री तोच व्हिडिओ लावणं हे नुसत्या आवडीचं लक्षण नाही. परीक्षेच्या आधी पोरं तीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा उघडतात, तसं ते आहे. तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत की ती तिची सांगेल. मग काय करायचं ते तीच सांगेल, माझी गरज लागणार नाही.

आता त्या कट-कट आवाजाबद्दल. तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझा भाचा मेकॅनिकलचा आहे, त्यानं मला वहीत आकृत्या काढून हे समजावलं. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. खालून एक साखळी तिला ओढत चढावर नेते आणि शिखरावर सोडून देते. पुढचं सगळं उताराच्या जोरावर. चढावर रुळाच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि गाडीच्या पोटाला एक लोखंडी खिट्टी. गाडी पुढे सरकली की खिट्टी एकेक दात ओलांडून पुढच्या खाचेत पडते : कट. पुढे सरकली : कट. साखळी तुटली, लाईन गेली, काहीही झालं तरी खिट्टी खाचेत अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. म्हणजे जो आवाज ऐकून तुम्हाला घाम फुटतो, तो कुलूप लागल्याचा आवाज आहे. दर फुटाला एकदा लागतंय. मला हे कळलं तेव्हापासून मी तो व्हिडिओ अगदी रेडिओसारखा ऐकू शकते.

लाईन जाण्याचं तुमच्या मनात बसलंय, तर तेही. अशा मोठ्या कोस्टरचा रूळ टप्प्यांत वाटलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, आपल्या रेल्वेच्या सिग्नलसारखं. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर आपोआप थांबते. चढावर किंवा ब्रेकजवळ गाडी थांबलेली दिसली तर लोक खाली "अडकली, अडकली" म्हणून ओरडतात. बहुतेक वेळा ती अडकलेली नसते, अडवलेली असते. मग माणसं बाजूच्या जिन्यानं येऊन पुढचं बघतात. तुमच्या जत्रेतल्या पाळण्याला यातलं काहीच नव्हतं, एक मोटर आणि ती चालवणारे एक काका होते.

चाकांचंही ऐका. गाडीला रुळाच्या वर चाकं असतात, बाजूला असतात आणि रुळाच्या खालूनही असतात, म्हणजे पाइप तिन्ही बाजूंनी पकडलेला. ही खालची चाकं अमेरिकेच्या जॉन मिलर नावाच्या माणसानं 1919 साली पेटंट केली. त्याआधी उतार फार तीव्र ठेवता येत नसत, गाडी उडायची भीती. सगळ्यात सुरुवातीला, 1884 मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला ला मार्कस थॉम्पसननं जी घसरगाडी बांधली ती ताशी 10 किलोमीटरच्या आसपास जायची. संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर तुमची गाडी जेवढी जाते, तेवढी. पाच सेंट तिकीट, आणि लोक रांगा लावायचे.

उलटं होतं तेव्हा पडत कसं नाही, हे तुमच्या आईंनी विचारलं तर त्यांना बादली आठवायला सांगा. पाण्यानं अर्धी भरलेली बादली हातानं जोरात गोल फिरवली तर डोक्यावर येऊनही सांडत नाही, विहिरीवर लहानपणी त्यांनी नक्की केलं असेल. पाणी बादलीच्या बुडाला दाबलं जातं, तसे आपण खुर्चीत दाबले जातो. फक्त रुळाचा तो उलटा फास (लूप) अगदी गोल असून चालत नाही. 1895 च्या सुमारास कोनी आयलंडवरच असा पूर्ण गोल फास बांधला होता, त्यात लोकांच्या माना अवघडायच्या. आता तो वरच्या बाजूला निमुळता, थेंबाच्या आकाराचा असतो, म्हणजे खालून शिरताना मानेला झटका बसत नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात असा नव्या पद्धतीचा फास पहिल्यांदा आला आणि मग जगभर पसरला. तुमच्या लेकीच्या नायट्रोत पाच ठिकाणी गाडी उलटी होते, आणि पायाखाली फळी नसते, पाय मोकळे लोंबतात. उंची साधारण 40 मीटर, म्हणजे तेरा मजल्यांची इमारत धरा. वेग ताशी 105 किलोमीटर. हे आकडे मी तुम्हाला घाबरवायला देत नाही. तुमच्या मुलीला ते पाठ असणारच, तुम्हालाही ठाऊक असलेले बरे.

एवढं सगळं वाचून भीती जाईल का? नाही. पोटात गोळा येतो तो अज्ञानामुळे नाही. गाडी खाली सुटते तेव्हा खुर्ची आपल्याखालून निसटते, पोटातले अवयवही क्षणभर सैल होतात, शरीराला खरंच वाटतं की आपण पडतोय. मेंदूला कितीही माहिती द्या, पोट शिकलेलं नसतं.

धाकट्याचं बघू. चार फूट दोन इंच म्हणजे 127 सेंटीमीटर. असल्या मोठ्या कोस्टरला साधारण 140 सेंटीमीटरच्या आसपास अट असते, म्हणजे चार फूट सात इंच. माप राइडगणिक वेगळं असतं, निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या. तो बसणार नाही, हे आजच धरून चाला. हे त्याला तिथं नेऊन, पट्टीखाली उभं करून, गर्दीसमोर कळू देऊ नका. घरी दाराच्या चौकटीवर, अनवाणी, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलनं खूण करा. 140 ची खूणही वर करून ठेवा. मग तो रोज तिकडे बघत दूध पिईल, तो वेगळा फायदा. टाचा उंचावणं, बुटात कागद कोंबणं, "जाऊ द्या ना भाऊ, दिवाळी आहे" म्हणून गेटवरच्या पोराला गळ घालणं, हे काही करायचं नाही. छातीवरचा तो जाड पट्टा मोठ्या अंगाला बसेल असाच घडवलेला असतो, त्याच्यातून बारकं पोर सुटू शकतं. गेटवरचा मुलगा पगारी नोकर आहे. तो नाही म्हणतो तेव्हा तो तुमच्या बाजूनं असतो.

धाकट्याला त्याची स्वतःची यादी करू द्या. लहान कोस्टर असतात, त्यांची अट खालची असते. आणि त्या लहान कोस्टरमध्ये त्याच्या शेजारी कोण बसणार? तुम्ही. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर. हाच माझा तुमच्यासाठीचा खरा बेत आहे. त्या दिवशी तुम्ही आणि तुमचा चौथीतला पोरगा एकाच यत्तेत. दोघांना मोठ्या गाडीला प्रवेश नाही, दोघं लहान गाडीत. तुम्हाला ओरडायचं असेल तर तो तुमच्याहून मोठ्यानं ओरडेल, कोणाचं लक्ष जाणार नाही. ते जमलं, पुन्हा एकदा बसावंसं वाटलं, तर पुढचं पुढे. नाही वाटलं तर आइस्क्रीम.

त्याच्याही आधी सराव हवा असेल तर अमरावती रोडवर बाजारगावला फन अँड फूड वॉटर पार्क आहेच. एखाद्या रविवारी जा, पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली या. डोळे उघडे ठेवून. तेवढंच.

समजा, तिथं गेल्यावर तुमच्या मनात आलंच की बसून बघू. येतं असं कधीकधी, बायको आणि लेक हसत हसत उतरताना दिसल्या की माणसाला चेव येतो. तर पहिल्यांदा मधल्या रांगेत बसा. शेवटच्या डब्याला उतारावर सगळ्यात जास्त ओढ बसते, पुढच्याला दृश्य जास्त दिसतं. मधे दोन्ही कमी. डोकं मागच्या उशीला टेकवून ठेवा, नाहीतर कान आपटतात. डोळे मिटू नका. डोळे मिटले की कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे काहीच सांगत नाहीत, त्यानं मळमळ वाढते. पुढचा रूळ बघत राहा. खाली सुटताना श्वास रोखू नका, बाहेर सोडा, म्हणजेच ओरडा. सरकारी नोकरीत ओरडायची संधी कुठं मिळते? आणि फलाटापर्यंत जाऊनही धीर सुटला तर गाडीच्या एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरता येतं, पट्टा लावण्याआधी. तिथल्या मुलांना रोज अशी चार माणसं भेटतात.

आईंचं मन मोडवत नाही, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईनं मोठ्या कोस्टरमध्ये बसायचं नाही. पायाखाली फळी नसलेल्या गाडीत तर नाहीच. त्यांना हेही घरीच सांगा, आणि नुसतं "तुला जमणार नाही" असं नको. त्यांच्यासाठी बसून बघायचे खेळ, हळू फिरणाऱ्या गाड्या, संध्याकाळची मिरवणूक असेल तर ती, असं दोन-तीन तरी ठरवून ठेवा. चाकाची खुर्ची मिळते का ते आधी फोनवर विचारून ठेवा, चालणं खूप होतं. आणि त्यांना "पिशव्यांजवळ बसा" म्हणून बाकावर ठेवून सगळे पसार होऊ नका. तुम्ही त्यांच्याजवळ बसा. त्यांना त्या पाळण्याची गोष्ट विचारा, त्या दिवशी जत्रेत खाली उभं राहून त्यांना काय वाटत होतं ते. मला पैज लावाविशी वाटते की ही गोष्ट तुम्ही त्यांना कधी विचारलेली नाही.

पिशव्यांचा बंदोबस्त सोपा आहे. कमी न्या. उरलेल्या लॉकरमध्ये ठेवा. तीन डबे, दोन चादरी, चिवड्याचा पुडा हे सगळं बहिणीच्या घरी राहू दे.

सौभाग्यवतींसाठी दोन ओळी, कारण पत्र तुमचं असलं तरी वर जाणार त्या आहेत. ओढणी नको, गळ्यातला स्कार्फ नको, केस घट्ट बांधलेले, क्लिपा नाहीत. मंगळसूत्र लांब असेल तर त्या दिवशी काढून पर्समध्ये, नाहीतर कुर्त्याच्या आत. चष्मा असेल तर मागून दोरी. मोबाईल तुमच्याकडे. पायात पट्ट्याच्या चपला किंवा बूट. मोकळे पाय लोंबतात, साधी चप्पल कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. आमच्या एका सहलीत शिपाईमामांची टोपी एका पार्कात गेली ती गेली. ते अजून त्या टोपीची किंमत वाढवून सांगतात.

खाणं. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण नागपूरचा माणूस दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेला की ती सकाळी तर्री-पोहे करणार. तर्री नको. पोहे थोडे, तेही निघण्याच्या दीड-दोन तास आधी. रिकाम्या पोटीही बसू नका, त्यानंही मळमळतं. पुण्याहून घाट उतरून यायचंय, गाडी लागणाऱ्याला घाटातच निम्मं होऊन जातं. गाडी लागू नये म्हणून जी गोळी आपण सर्रास खातो तिनं झोप येते. मुलांना द्यायची तर डॉक्टरांना विचारून. पार्क उघडायच्या आधी गेटवर पोचा आणि मोठ्या राइडला आधी जा, दुपारनंतर रांग वाढते. सुट्टीचा ऐन मधला दिवस टाळता आला तर टाळा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अर्धा महाराष्ट्र तिथं असतो. पाऊस किंवा विजा आल्या तर राइड थांबवतात, तेव्हा तिकिटाच्या पैशावरून काउंटरवर भांडू नका.

आणि एक विनंती. हे उत्तर छापून येईल तेव्हा ते कापून कपाटात ठेवू नका. सौभाग्यवतींना वाचायला द्या. वरचं तुमचं पत्रही, पिशव्यांच्या ओळीसकट.

तुमची,
बाई